खाजणाच्या बांधावर

परभणी,
९ फेब्रुवारी २०२५

सिद्धोधन सर,

सप्रेम नमस्कार.

अक्षर ओळखलं असेल. नऊ वर्षं तुम्ही ते शाळेच्या कागदांवर रोज पाहिलं आहे. ओळखून पत्र बाजूला टाकावंसं वाटलं तरी हे पहिलं पान तेवढं वाचा, कारण त्यातली एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही.

गेल्या महिन्यात, १९ जानेवारीच्या रविवारी, तुम्ही खाडीवर बारा लोकांना पक्षी दाखवायला नेलं होतं. त्यात लातूरचे आदिनाथ पाटील म्हणून एक म्हातारे होते. कानटोपी, तोंडाला मास्क, खोकला झालाय म्हणून सगळ्यांच्या मागं चालणारे. तो मी होतो.

माझी राजेश्री जावयांच्या बदलीमुळे सध्या अलिबागच्या बाजूला राहते. दम्याला समुद्राची हवा बरी म्हणून तिनं मला महिनाभर बोलावून घेतलं. एक दिवस ती फोनवर काहीतरी बघायली होती, आणि मला तुमचं नाव दिसलं. ‘पक्ष्यांसोबत सकाळ, मार्गदर्शक सिद्धोधन खंदारे.’ खाली फोटो. केस पांढरे झालेले, पण दुर्बीण गळ्यात अडकवायची तऱ्हा तीच, एक पट्टा काखेतून. मी राजेश्रीला म्हणालो, मला घाल त्यात, पण माझं नाव नको. तिनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि आदिनाथ पाटील असं टाकलं.

पहाटे सहाला तिनं मला सुरूच्या झाडांपाशी सोडलं. तुम्ही प्रत्येकाला नाव विचारत होता. माझ्यापाशी आलात तेव्हा मी खोकलो आणि नाव-गाव सांगितलं. ‘लातूर का? म्हणजे आमच्याच तिकडले,’ म्हणालात आणि पुढं गेलात. मी मास्क नाकावर ओढून घेतला आणि मागनं चालायला लागलो.

मग तुम्ही आम्हाला खाजणात नेलं. भरतीचं पाणी आत येऊन जातं ती ही खारी जमीन, असं तुम्ही सांगितलं. दिसायला आपल्याकडच्या पावसाळ्यातल्या काळ्या रानासारखी, पण वास निराळा. ओहोटी लागली होती. आपल्या तलावाचं पाणी उन्हाळ्यात महिन्या-महिन्यानं मागं सरतं, ते तिथं माझ्या डोळ्यांदेखत तासाभरात सरलं. आणि जसजसा चिखल उघडा पडत गेला तसतसे पक्षी उतरत गेले. ‘घाई करू नका. त्यांची न्याहरी मांडायली आहे, मांडून झाली की सगळे येतील,’ असं तुम्ही हळू आवाजात म्हणालात, आणि लोक हसले. एवढी वर्षं कोकणात काढून तुमची बोली बदलली नाही.

लांब गुलाबी पायांचे शेकाटे मी ओळखले. ते आपल्याकडं तलावावरही असायचे. बाकीचे सगळे मला सारखेच करडे वाटले. तुम्ही तिपाईवरची मोठी दुर्बीण लावून एकेकाला बोलावलं. हा चिखल्या, थोडं पळतो, थांबतो, मग टिपतो. ही तुतारी, हिची चोच बघा, कपडे शिवल्यासारखी चालते. उत्तरेकडच्या बर्फातनं येतात आणि वजन एका मुठीएवढं. मग तुम्ही मोजायला शिकवलं. आधी दहा मोजा, ते दहा केवढी जागा धरतात ते डोळ्यांत ठेवा, मग तेवढ्या जागा मोजत चला. हे तुम्ही आपल्या सहावीच्या पोरांनाही असंच शिकवायचात. मी वर्गाच्या दारात उभा राहून ऐकलेलं आहे. माझे दोनशे साठ भरले. तुम्ही दोनशे नव्वद सांगितले. मी पुन्हा मोजायला गेलो तोवर ते सगळे एकदम उडाले, एकदम वळले, आणि वळताना पांढरे झाले. माझ्या शेजारच्या बाई ‘अगं बाई’ म्हणाल्या. मीही काहीतरी म्हणालो असेन.

खाजणातनं समुद्राकडं जाताना दगडी बांध लागतो. शेवाळलेला, निसरडा. तिथं तुम्ही सगळ्यांना थांबवलंत. आधी स्वतः पलीकडं जाऊन आलात, प्रत्येक दगडावर पाय दाबून बघत. मग म्हणालात, ‘एका वेळी एकच माणूस. मी हात धरल्याबिगर कुणी पाय टाकायचा न्हाई.’ एक तरुण हसून म्हणाला, ‘सर, मी ट्रेकिंग करतो.’ तुम्ही म्हणालात, ‘करत असाल. हात द्या.’ बारा जणांना तुम्ही असं एकेक करून पलीकडं नेलं. पाऊण तास गेला त्यात. लोक कुरकुर करायला लागले होते. मी शेवटचा. तुम्ही माझा हात मनगटापाशी धरला आणि डोळे माझ्या पायांवर ठेवून उलटे चालत राहिलात. ‘इथं टाका. आता इथं. घाबरू नका, काका.’

सर, तुम्ही इतके सांभाळून का चालता ते त्या बारा जणांत मला एकट्याला माहीत होतं.

पुढं पुळणीवरच्या वाळूत कुरव पक्ष्यांचा थवा बसला होता, सगळे वाऱ्याकडं तोंड करून. सुरय पाण्यावर घिरट्या घालून सूर मारायले होते. तुम्ही सगळ्यांना चहा दिला. सुमनबाई म्हणून पुण्याच्या एक बाई होत्या, त्यांनी विचारलं, तुम्ही या नादाला कसे लागलात. तुम्ही म्हणालात, ‘मी परभणीकडं शिक्षक होतो. पोरांना तलावावर पक्षी दाखवायला न्यायचो. एकदा बांधाला लावलेल्या पिचिंगच्या दगडावरनं एक मुलगी घसरली. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, ती आजही लंगडते. मी आधी जाऊन दगड बघायला पाहिजे होते.’

बाईंनी विचारलं, ‘मग नोकरी गेली का?’

‘निलंबित केलं. नंतर मीच सोडली.’

एवढंच. मी वाट बघत राहिलो. आता हेडमास्तरचं नाव येईल, मग येईल. तुम्ही कपात उरलेला चहा वाळूत ओतला आणि म्हणालात, चला, ऊन वाढायलंय.

निघताना तुम्ही सगळ्यांना कार्ड दिलंत. त्यावरचा नंबर मी तीन वेळा लावला आणि वाजायच्या आत तोडला. म्हणून हे पत्र.

चौकशीच्या वेळी माझ्याकडून जे घडलं ते योग्य नव्हतं, हे मी मान्य करतो.

आपला,
दिनकर पौळ

---

परभणी,
२ मार्च २०२५

सिद्धोधन सर,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. ते बरोबरच आहे. मी तुमच्या जागी असतो तर त्या पत्राच्या शेवटच्या ओळीला लाल शाई लावली असती. ‘माझ्याकडून जे घडलं ते योग्य नव्हतं.’ ही हेडमास्तरची भाषा झाली. काय घडलं ते त्यात कुठं आहे?

तर लिहितो.

डिसेंबर २०१० मध्ये तुम्ही मला अर्ज दिला होता. सहावी-सातवीच्या चौतीस विद्यार्थ्यांना शनिवारी सकाळी तलावावर नेण्याबद्दल. मी त्यावर ‘परवानगी आहे, बारापर्यंत परत यावे’ असं लिहून सही केली. अर्ज आवक फाईलला लावला. तुम्ही त्याची प्रत मागितली नाही. माझ्यासारख्या माणसाकडं प्रत कशाला मागायची, असं तुम्हाला वाटलं असणार.

शनिवारी राजनंदिनी पडली. तुम्ही तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत पळत आलात, तिथनं जीपमधून परभणीला नेलं. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा दिवेलागणीला सूर्यभान, तिचा बाप, माझ्या दारात आला. मागं दहा-बारा माणसं. मी ओट्यावर होतो. तो शिव्या देत नव्हता, हे मला आजही आठवतं. त्यानं एवढंच विचारलं, ‘हेडमास्तर, पोरांला तळ्यावर तुमी धाडलं का?’

मी म्हणालो, ‘न्हाई बाबा. मला कुणी इचारलंच न्हाई.’

हे वाक्य मी ठरवून बोललो नाही. समोर माणसं होती, मला भीती वाटली, तोंडातनं निघालं. तिथवर कुणीही मला माफ केलं असतं. पण ती माणसं परत गेल्यावर मी रात्रभर विचार केला आणि सकाळी, रविवारची सुट्टी असताना, शाळा उघडली. फाईलमधला अर्ज काढला, खिशात घातला, घरी येऊन अंघोळीच्या बंबात टाकला. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. ते मात्र मी ठरवून केलं.

समिती आली तेव्हा मी लेखी जबाब दिला, ‘सदर शिक्षकांनी माझी पूर्वपरवानगी घेतली नव्हती.’ तुम्ही म्हणालात, अर्ज दिलाय, फाईल बघा. त्यांनी फाईल बघितली. तुम्ही माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघत होतो.

आणखी एक. समितीतले एकजण जाताना दारात मला म्हणाले, ‘बरं झालं, तुमचं नाव आलं नाही. ह्या लोकांचं असंच असतं, नियम नको म्हणतात.’ ह्या लोकांचं म्हणजे कुणाचं, ते मला कळलं होतं. तुमच्या घरी मी जेवलेलो होतो. रुख्मिणीबाईंच्या हातची ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी. मी त्या माणसाला परत आत बोलावलं. त्याच्यासाठी चहा मागवला.

आता माझं वय सत्तर आहे. शिक्षण विभागाला हे सगळं लेखी देण्याची माझी तयारी आहे. मसुदा केला आहे. पेन्शनवर काय परिणाम व्हायचा तो होऊ दे. तुम्ही हो म्हणालात की सोमवारी जाऊन देतो.

खोट्या नावानं येऊन तुमचा हात धरला, त्याचीही माफी मागतो.

दिनकर पौळ

---

१६ मार्च २०२५

सर,

जयभीम.

दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं वाचून मी ते कपाटावर ठेवून दिलं होतं. दुसरं वाचून मग पहिलं परत काढलं.

मी तुम्हाला ओळखलं नाही. ओळखूनही गप्प राहिलो असेन असं तुम्हाला वाटत असेल, पण तसं नाही. ह्या चौदा वर्षांत मी तुमच्याशी मनात किती बोललो त्याला सुमार नाही. चालताना, मोजणी करताना, झोप येत नाही तेव्हा. आणि तुम्ही खरंच आलात, मी तुमचं मनगट धरलं, तर मला एक दमेकरी म्हातारा दिसला. त्याचंच मला आता नवल वाटायलंय.

कचेरीला काही लिहू नका. तो कागद मला आता कशाला? ती नोकरी मी सोडली ती राग म्हणून नाही. पुन्हा पोरांना घेऊन बाहेर पडायचं धाडस राहिलं नव्हतं. इकडं मेहुण्याकडं आलो, पक्ष्यांची पाहणी करणाऱ्या लोकांसोबत दोन वर्षं नुसता चिखल तुडवला, मग हळूहळू हे काम मिळालं. मी इथं बरा आहे. आता पाहुणे पक्षी परत निघालेत, खाजण रिकामं व्हायलंय.

पण तुम्ही बंबाचं लिहिलं म्हणून मी पण लिहितो.

समितीच्या दिवशी घरी आलो तेव्हा रुख्मिणीनं विचारलं, ‘तुमी तर अर्ज दिला म्हनला व्हता. मग कुठाय त्यो?’ मी म्हणालो, फाईलला होता. ती म्हणाली, ‘दिनकर सर खोटं कशाला बोलतील? आपल्या ताटात जेवलेलं मानूस हाय.’ ती भांडली नाही. तिला वाटलं, मी अर्ज द्यायचा विसरलो आणि आता लाजेनं खोटं बोलायलोय. पुढं तिनं तो विषय काढला नाही, मीही नाही. २०१६ ला ती गेली. मूत्रपिंडाचा आजार होता.

माझी साक्षी तेव्हा आठवीत होती, आपल्याच शाळेत. राजनंदिनी आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहायची. साक्षीनं ती कुबड्या घेऊन चालताना रोज बघितली. वर्गात पोरं काय म्हणायची ते तिनं मला सांगितलं नाही, तिच्या आईला सांगायची. ‘माझा बाप चुकला असता तर चाललं असतं, तो खोटं का बोलला,’ असं ती तिच्या मामाला म्हणाली होती. मी कोकणात निघालो तेव्हा ती मला सोडायला फाट्यावर आली नाही. आता वर्षातून एकदा, १४ एप्रिलला, फोन करते. तब्येत विचारते, औषधं विचारते. तिला मुलगी झाली ते मला मेहुण्याकडनं कळलं.

रुख्मिणीला आता काही सांगता येत नाही. साक्षी चुडाव्याला असते, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, तिथल्या शाळेत शिकवते. जावई रेल्वेत आहेत. तिला जाऊन सांगा. पत्रानं नको, फोनवर नको. समोर बसून सांगा. मी सांगितलं म्हणून आलात हेही सांगा, काही लपवू नका.

माफीचं विचारलंत. ते मला आज सांगता येत नाही.

सिद्धोधन

---

परभणी,
२ एप्रिल २०२५

सिद्धोधन सर,

काल मी चुडाव्याला जाऊन आलो. जसं झालं तसं लिहितो.

तुमचं पत्र आल्यावर आठ दिवस मी गेलो नाही. आधी दमा, मग पाडवा, अशी कारणं मी स्वतःलाच सांगत होतो. काल सकाळी घरात सगळं सांगितलं. बायकोनं ऐकून घेतलं, मला डबा बांधून दिला आणि न्याहरीला समोर बसली नाही. मग पॅसेंजरनं गेलो.

क्वार्टर स्टेशनच्या पलीकडं, रुळांच्या कडेला आहे. साक्षीची सकाळची शाळा सुटून ती नुकतीच आली होती. कडेवर मुलगी. जाळीच्या दारातनं बघितलं आणि लगेच म्हणाली, ‘हेडसर?’ मी मास्क लावला नव्हता. तिनं पाणी दिलं. ‘तुमी इकडं कसे काय?’ मी म्हणालो, ‘तुझ्या वडिलांनी पाठवलंय. बस, मला काहीतरी सांगायचंय.’ तिचा चेहरा पडला. तिला वाटलं, तुमचं काही बरंवाईट झालं. मी घाईघाईनं म्हणालो, ते चांगले आहेत, त्यांना काही झालं नाही.

मग सांगितलं. तुम्हाला पत्रात लिहिलं तसंच, क्रमानं. अर्ज, सही, सूर्यभानला दिलेलं उत्तर, बंब, जबाब. त्या समितीवाल्याचं वाक्यही सांगितलं. मुलगी माझ्या पिशवीचा बंद ओढत होती. मी थांबल्यावर साक्षी म्हणाली,

‘अर्ज कागदावर होता?’

‘हो.’

‘त्यांच्या अक्षरातला? तुमी वाचला होता?’

‘वाचून सही केली होती.’

‘माझ्या आईनं त्यांला शेवटपर्यंत खोटारडा धरलं, सर.’

मी म्हणालो, ‘मला ते गेल्याच महिन्यात तुझ्या वडिलांच्या पत्रातनं कळलं.’

‘तुमाला कळायला काय झालं व्हतं? गावातच राहत होता की. आई गेली तवा तुमी मातीला आला होता. मी बघितलं तुमाला.’

सर, हे मी तुम्हाला लिहिलं नव्हतं. मी आलो होतो. लांब उभा राहिलो, तुमच्या समोर आलो नाही. त्या दिवशीही मला बोलता आलं असतं.

ती उठली. मला वाटलं, आता जा म्हणेल. तिनं आतनं सासूबाईंना बोलावलं, आणि जावई रात्रपाळी करून झोपले होते त्यांना उठवलं. दोघं येऊन बसले. मग ती मला म्हणाली, ‘आता परत सांगा. पहिल्यापासून. ह्यांच्यासमोर. ह्या घरात माझ्या बापाबद्दल मी काय काय बोललेय ते ह्यांला ठाऊक हाय.’

मी परत सांगितलं. पहिल्यांदा सांगताना मला वाटलं होतं की कठीण ते होऊन गेलं. दुसऱ्यांदा शब्द सापडत नव्हते. बंबाशी आलो तेव्हा धाप लागली. जावयांनी पंखा वाढवला. सासूबाई डोक्यावर पदर घेऊन माझ्याकडं टक लावून बघत होत्या. माझं संपल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, ‘लेकराला इतकी वर्सं बापाबिगर ठिवलं तुमी.’

मी हो म्हणालो.

चहा झाला नाही. मी विचारलं, सूर्यभानला आणि राजनंदिनीलाही सांगावं का. साक्षी म्हणाली, ‘ते तुमचं तुमी ठरवा. मला इचारू नका.’ मी ठरवलं आहे. रविवारी गावी जाणार आहे. राजनंदिनी बाळंतपणासाठी माहेरी आली आहे असं कळलं, तर दोघं एकाच ठिकाणी भेटतील. काय होईल ते सांगता येत नाही. हे तुम्हाला आधी कळवतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

मी चपला घालत होतो तेव्हा साक्षीनं फोन हातात घेतला होता. नंबर लावत नव्हती, नुसता धरून उभी होती. मला म्हणाली, ‘ह्या वेळेला ते कुठं असतील? पाण्यात तर न्हाई ना?’

मी म्हणालो, ‘ओहोटी असली तर खाजणात असतील. पण फोन जवळ असतो.’

आणि मी निघालो. तुमचं बोलणं मला ऐकायचं नव्हतं.

परतीच्या पॅसेंजरला सव्वा तास होता. फलाटावर माझ्याशिवाय एक म्हातारी आणि दोन शेळ्या. मी कडुनिंबाखालच्या बाकावर डबा उघडला. तिथनं रुळांपलीकडं क्वार्टरचं अंगण दिसतं. साक्षी बाहेर आली होती. फोन कानाला, मुलगी कडेवर. आधी ती भिंतीला टेकून बराच वेळ खाली बघत उभी राहिली. मग चालायला लागली, फाटकापर्यंत आणि परत, फाटकापर्यंत आणि परत. एकदा तिनं फोन मुलीच्या कानाला लावला. मुलगी काही बोलली का ते इतक्या लांबून कळलं नाही. जावई येऊन मुलीला आत घेऊन गेले. ऊन सरकलं तशी साक्षी सावलीच्या बाजूला सरकली.

गाडी आली तेव्हा मी डब्यात चढून पलीकडच्या खिडकीशी गेलो. ती अजून बोलत होती.

दिनकर पौळ